न्यूअर्क ॲव्हेन्यूवरचं कोर्ट

जर्सी सिटीतल्या आमच्या न्यूअर्क ॲव्हेन्यूच्या एका टोकाला मेथीच्या जुड्या, शेवयांची पाकिटं, मिठाईची आणि साड्यांची दुकानं. तिथून पूर्वेला दहाएक मिनिटं चालत गेलं की हडसन काउंटीचं जुनं कोर्ट लागतं. १९१० साली उघडलेली ही दगडी इमारत बाहेरून गंभीर आहे आणि आतून थाटाची. वर घुमट, खाली संगमरवर, भिंतींवर मोठमोठी चित्रं. त्या चित्रकारांपैकी एक, फ्रान्सिस मिले, दोनच वर्षांनी टायटॅनिकबरोबर बुडाला. पुढे कोर्टाचा कारभार शेजारच्या नव्या, कुरूप इमारतीत गेला. जुनी इमारत ओस पडली आणि ती पाडायचंही घाटत होतं. गावातल्या काही हट्टी लोकांनी ती वाचवली. आता तिला न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांचं नाव आहे.

मी गिरगावातून इथे आले ती १९८० च्या दशकात. जर्नल स्क्वेअरजवळच्या एका वकिलाच्या कचेरीत हिशेब लिहायचं काम मिळालं आणि हिशेबाबरोबर कागद घेऊन कोर्टाच्या खिडकीवर उभं राहणंही आलं. वकिलीचं शिक्षण मला नाही. पण त्या खिडकीवर इतकी वर्षं उभी राहून माझं एक मत झालं आहे, ते कुणाला पटो न पटो. या गावात न्याय शोधायचा तर आधी याद्या बघाव्यात, कलमं नंतर. मतदारांची यादी, पालिकेच्या नोकरांची यादी, ज्यूरीची यादी. तुमचं नाव कुठल्या यादीत आहे आणि कुठल्या यादीत नाही, हे कळलं की खटल्याचं पुढे काय होणार याचा निम्मा अंदाज येतो.

हे गावाला शिकवलं फ्रँक हेगनं. तो १९१७ ते १९४७, सलग तीस वर्षं जर्सी सिटीचा महापौर होता. जन्म आयरिश गरिबांच्या हॉर्सशू वस्तीतला, शाळा अर्धवट सुटलेली. १९१३ साली पोलीस आणि अग्निशमन खातं त्याच्या हाती आलं आणि त्यानं पहिल्यांदा पोलिसांनाच वळण लावलं. पोलिसांवर पाळत ठेवायला साध्या वेशातलं एक पथक नेमलं, त्याला लोक झेपेलिन म्हणत. दारू पिऊन कामावर येणारे शिपाई घरी बसले. जे राहिले ते हेगचे झाले, आणि पोलीस हाती आले की बाकीचं हाती यायला वेळ लागत नाही.

आमच्या कचेरीत माझ्या कितीतरी आधीपासून टायपिंग करणारी एक आयरिश बाई होती. तिचा जन्म मार्गारेट हेग प्रसूतिगृहातला. महापौरानं आपल्या आईच्या नावानं १९३१ साली उघडलेलं ते इस्पितळ. गरीब बाईला तिथे पैसा पडत नसे. तिचे वडील अग्निशमन दलात होते. पालिकेच्या प्रत्येक नोकराला पगारातले तीन टक्के पक्षाच्या माणसाकडे पोहोचवावे लागत, तसे तेही पोहोचवत. मी विचारलं, राग नाही यायचा? ती म्हणाली, राग कसला, नोकरी त्यानंच दिली होती ना! कुठल्या घरात किती मतं हे वॉर्डातल्या माणसाला तोंडपाठ असायचं. हिवाळ्यात कोळसा, पोराला नोकरी, म्हातारीला डॉक्टर, आणि पोरगा पोलिसांच्या हाती सापडला तर मॅजिस्ट्रेटकडे एक शब्द. तालुक्यातला साखर कारखाना, बँक आणि कॉलेज एकाच घरात असलेला साहेब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हेग समजावून सांगावा लागत नाही. महापौराचा पगार वर्षाला साडेआठ हजार डॉलरच्या वर कधी गेला नाही. माणूस मेला तो मात्र कोट्यधीश होऊन.

हेगचं एक वाक्य अमेरिकेभर गाजलं: कायदा म्हणजे मीच. ते १९३७ च्या नोव्हेंबरात जर्सी सिटीतल्या एका चर्चमध्ये बोललं गेलं. पण तो काय सांगत होता हे फारसं कुणी सांगत नाही. शाळा चुकवणाऱ्या दोन पोरांची गोष्ट होती. पोरांना शाळा नको होती, काम हवं होतं. अधिकारी म्हणाले, वय बसत नाही, कायदा परवानगी देत नाही. तेव्हा महापौरांनी हे उत्तर दिलं. म्हणजे तो आपल्या दयाळूपणाचा दाखला देत होता! त्याच महिन्यात सीआयओ या कामगार संघटनेची माणसं पत्रकं वाटायला गावात आली, तर पोलिसांनी त्यांना पकडून बोटीनं न्यूयॉर्कला परत धाडलं. पुढच्या वर्षी ३० एप्रिलला समाजवादी नेते नॉर्मन थॉमस जर्नल स्क्वेअरवर भाषणाला उभे राहिले, त्यांचीही तशीच बोळवण झाली. राज्याच्या कोर्टात दाद मागण्यात अर्थ नव्हता. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं आणि १९३९ साली सर्वोच्च न्यायालयात हेग हरला. रस्ते आणि बागा लोकांनी जमून बोलण्यासाठीच आहेत, ही अमेरिकन कायद्यातली मोठी शिकवण आमच्या या गावानं दिली, ती अशी मार खाऊन.

त्याच साली राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयावर एक जागा भरायची होती. या न्यायालयात वकील असण्याची अट नसलेले सहा न्यायाधीशही असत. गव्हर्नर ए. हॅरी मूर हे जर्सी सिटीचे, हेगच्या पठडीतले. त्यांनी तिथे नेमलं फ्रँक हेग ज्युनिअरला. या चिरंजीवांना कायद्याची पदवी मिळालेली नव्हती. नेमणुकीचं कारणही मूर यांनी लपवलं नाही, मुलाच्या वडिलांना आनंद होईल असं ते म्हणाले. माणसाच्या इतक्या सरळ बोलण्याचं मला कौतुकच वाटतं.

१९४७ साली न्यू जर्सीनं नवी राज्यघटना केली आणि ते जुनं न्यायालयच रद्द झालं. न्यायाधीश गव्हर्नरनं नेमायचे, सेनेटनं मान्यता द्यायची, आधी सात वर्षं आणि पुन्हा नेमणूक झाली तर वयाच्या सत्तरीपर्यंत. जिल्ह्याचा सरकारी वकीलही इथे निवडून येत नाही, तोही नेमला जातो. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तो मतं मागत फिरतो, त्यापेक्षा हे बरं. पण राजकारण एका दारातून घालवलं की दुसऱ्या दारात उभं असतं. नेमलेला माणूस ज्या जिल्ह्याचा, तिथल्या सेनेटरानं मान हलवली नाही तर नेमणूक अडते. हा नियम कुठे लिहिलेला नाही आणि तरी तो काटेकोर पाळला जातो. खुद्द हेगनंही नव्या घटनेला असलेला विरोध रेल्वेच्या जमिनींवरच्या कराचा सौदा जमल्यावरच मागे घेतला. ब्रेनन या नव्या व्यवस्थेत १९४९ साली न्यायाधीश झाले, हडसन काउंटीत बसले आणि सात वर्षांनी वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

हेग गेला, पण त्यानं बसवलेलं यंत्र चालू राहिलं. त्याच्या मागून आलेला जॉन केनी आणि महापौर थॉमस व्हेलन १९७० च्या सुमारास कंत्राटांतल्या खंडणीपायी फेडरल सरकारच्या जाळ्यात सापडले. व्हेलनला १९७१ साली दोषी ठरवलं ते न्यूअर्कच्या फेडरल कोर्टानं. गावात एक समजूतच पक्की झाली होती, की मोठ्या माणसाला शिक्षा व्हायची तर न्याय बाहेरून यावा लागतो.

अशा गावात आम्ही आलो. कारखाने बंद पडले होते, रेल्वेची यार्डं गंजत होती, न्यूअर्क ॲव्हेन्यूवरची दुकानं रिकामी होती. पाथची गाडी वीसेक मिनिटांत मॅनहॅटनला नेई आणि भाडी परवडत. गुजराती कुटुंबांनी दुकानं घेतली. दाक्षिणात्य, पंजाबी आणि आम्ही थोडे मराठी वरच्या मजल्यांवर राहिलो. हाइट्स भागात इटालियन, पोलिश, आयरिश आणि नंतर आलेली लॅटिन कुटुंबं. त्यांच्या पोरांना नोकऱ्या नव्हत्या, आणि शेजारी येऊन राहिलेले हे लोक दोन वर्षांत गाडी घेत होते. गाडीमागे तीन पगार आणि शनिवार-रविवारचं दुकान आहे, हे रस्त्यावरून दिसत नाही.

१९८७ च्या उन्हाळ्यात 'जर्सी जर्नल' या इथल्या दैनिकात एक पत्र छापून आलं. लिहिणाऱ्यांनी स्वतःला डॉटबस्टर्स म्हणवलं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या भुतं पकडणाऱ्यांच्या सिनेमावरून नाव, आणि डॉट म्हणजे आमच्या कपाळावरची टिकली. भारतीयांना गावातून घालवण्यासाठी आम्ही वाटेल ते करू, टेलिफोनच्या पुस्तकातून पटेल आडनावं शोधून काढू, असा मजकूर होता. तीही एक यादीच. आमच्या मराठी मंडळींत त्या आठवड्यात एक विनोद फिरला, की देवानं आपल्याला पटेल केलं नाही हे बरं. सगळे हसले आणि मग कुणी कुणाकडे पाहिना. मी स्वतः पाथच्या जिन्यावर टिकली काढून पर्समधल्या आरशाला चिकटवायला लागले होते.

२७ सप्टेंबरच्या रात्री शेजारच्या होबोकन गावात नवरोज मोदी या तीस वर्षांच्या तरुणाला पोरांच्या एका टोळक्यानं मारलं. तो सिटीकॉर्पमध्ये मॅनेजर होता. सोबतच्या गोऱ्या मित्राला कुणी हात लावला नाही. चार दिवसांनी नवरोज गेला. तो पारशी होता. टिकलीशी त्याचा संबंध काय? पण द्वेष करणारा जातिधर्माचा दाखला बघत बसत नाही. त्याच दिवसांत जर्सी सिटीच्या सेंट्रल ॲव्हेन्यूवर डॉ. कौशल सरन हे बेशुद्ध सापडले. कवटी फुटलेली, मेंदूला इजा. आठवडाभराहून जास्त ते शुद्धीवर नव्हते.

बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत टायपिंगवाल्या बाईनं मला चहा आणून दिला. तिला खरंच वाईट वाटलं होतं. म्हणाली, तुमच्या नगरसेवकाकडे जा. मग थांबून विचारलं, तुम्हा लोकांची मतं किती आहेत? मी मनातल्या मनात मोजलं. ज्यांना ज्यांना ओळखत होते ते सगळे ग्रीन कार्डवाले. नागरिकत्वाला पाच वर्षं थांबायचं आणि तेवढी भरली तरी भारताचा पासपोर्ट परत करायचा. तो परत करताना हात अडखळायचे, कारण परदेशस्थ भारतीयांची ती ओसीआयची सोय २००५ पर्यंत नव्हती. दुकानं होती, करही भरत होतो, मतं मात्र जवळपास नव्हतीच.

मत नाही म्हणजे ज्यूरीतही जागा नाही. ज्यूरर व्हायला नागरिक असावं लागतं, काउंटीत राहावं लागतं, इंग्रजी यावं लागतं. गिरगावातल्या माणसाला ज्यूरी म्हटलं की टिळक आठवतात. १८९७ च्या खटल्यात सहा युरोपियन ज्यूररांनी दोषी म्हटलं, तिघा भारतीयांनी निर्दोष. १९०८ साली सात युरोपियन आणि दोन पारशी होते, कौल पडला सात विरुद्ध दोन आणि न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षं मंडाले दिली. आकडे बघितले की पुरावा बघायची गरज वाटू नये, इतकं ते उघड आहे. आपण ते परकीय राज्याचं पाप म्हणून विसरून गेलो. नंतर नानावटी खटल्यात आठ विरुद्ध एक असा सुटकेचा कौल आला, उच्च न्यायालयानं तो फिरवला आणि भारतातून ज्यूरीच निघत गेली. अमेरिकेत ती आहे, आणि तिच्यात बसतो तो गावच असतो, त्याच्या सगळ्या समजुतींसह.

नवरोज मोदीच्या खटल्याचा निकाल १९८९ साली लागला. तिघं गंभीर मारहाणीबद्दल दोषी, चौथा साध्या मारहाणीबद्दल. खुनाबद्दल एकही नाही. तो भारतीय दिसला म्हणून मेला, हा मुद्दा आरोपातच नव्हता. नवरोजच्या घरच्यांनी होबोकन शहरावर दिवाणी दावा लावला. त्यांचं म्हणणं, याच टोळक्यातल्या पोरांनी आधी स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटच्या भारतीय विद्यार्थ्यांना मारलं होतं, पोलिसांनी तेव्हाच नीट कारवाई केली असती तर मुलगा वाचला असता. १९९२ साली फेडरल अपील न्यायालयातही ते हरले. एका खासगी माणसानं दुसऱ्याला मारलं तर ते रोखण्याची घटनात्मक जबाबदारी सरकारवर नाही, असं सर्वोच्च न्यायालय १९८९ सालीच एका लहान मुलाच्या प्रकरणात सांगून चुकलं होतं. डॉक्टर सरन यांच्या बाबतीत न्याय बाहेरून आला खरा. तीन जणांवर नागरी हक्कभंगाचे फेडरल आरोप ठेवले गेले. १९९३ मध्ये दोन खटले झाले आणि तिघंही सुटले. डॉक्टरांना साक्षीत काहीच सांगता आलं नाही, कारण त्या रात्रीचं त्यांना काही आठवतच नव्हतं. वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या तपासात साक्षीदारांचं काय होतं, हे कचेरीत बसून मी कितीदा तरी पाहिलं आहे. ते लग्न करतात, गाव सोडतात, आणि विचारलं तर म्हणतात, तेव्हा अंधार होता.

एक गोष्ट मात्र झाली. आमच्यातली तरुण मुलं रस्त्यावर उतरली. कोलंबिया विद्यापीठात 'इंडियन यूथ अगेन्स्ट रेसिझम' नावाची संघटना निघाली, तिनं हल्ल्यांच्या नोंदी ठेवल्या, जर्सी सिटीच्या एका हायस्कूलमध्ये भारतीय उपखंडाबद्दल वर्ग घेतले आणि ट्रेंटनला आमदारांचे उंबरठे झिजवले. मोठी माणसं मोर्च्यात कोट घालून चालली. त्या पिढीला घोषणा देताना लाज वाटायची, ते नुसतेच चालत राहिले. १९९० साली न्यू जर्सीनं कायदा केला, की वंश, रंग, धर्म यांच्या द्वेषापोटी गुन्हा केला तर शिक्षा वाढेल. आम्ही पेढे वाटले.

त्या कायद्याचं पुढे जे झालं, ते पेढे वाटणाऱ्यांपैकी कुणाला सुचलं नसतं. १९९४ च्या डिसेंबरात व्हाइनलँड गावी चार्ल्स अपरेंडी नावाच्या माणसानं एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात गोळ्या झाडल्या. गुन्ह्याला कमाल दहा वर्षं होती. हेतू द्वेषाचा होता असं न्यायाधीशानं स्वतः ठरवलं आणि बारा दिली. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की कमाल मर्यादेच्या वर शिक्षा नेणारी बाब न्यायाधीशानं परस्पर ठरवायची नाही, ती ज्यूरीपुढे निःसंशय सिद्ध झाली पाहिजे. या निकालानं साऱ्या अमेरिकेची शिक्षा ठरवण्याची पद्धत हलली. गोळीबार करणाऱ्याच्या बाजूनं हा निकाल गेला, म्हणून आमच्याकडे तेव्हा बरीच चरफड झाली. मला तो बरोबर वाटतो. एका माणसाच्या मनात काय होतं हे एकट्या न्यायाधीशानं ठरवण्यापेक्षा बारा जणांनी ठरवलेलं बरं. त्यात आपणही बसलेले असू, तर आणखी बरं.

मग द्वेषाची धमकी हा स्वतंत्र गुन्हा करणारा नवा कायदा आला. तो २०१२ साली लागला धरुण रवी या रटगर्स विद्यापीठातल्या भारतीय मुलाला. त्यानं आपल्या खोलीतल्या समलिंगी सहाध्यायाचे खासगी क्षण कॅमेऱ्यानं चोरून पाहिले होते आणि काही दिवसांत त्या अठरा वर्षांच्या मुलानं, टायलर क्लेमेंटीनं, जीव दिला होता. ज्यूरीनं रवीला सर्व पंधरा आरोपांवर दोषी धरलं. न्यायाधीशानं तुरुंगवास दिला तीस दिवसांचा. निकाल आणि शिक्षा यांच्या मधल्या दिवसांत भारतीय मंडळी ट्रेंटनच्या विधानभवनासमोर जमली, आमच्या पोरावर अन्याय होतोय म्हणत. पंचवीसेक वर्षांपूर्वी असाच कायदा मागायला गेलेल्यांपैकी काहींच्या घरात त्या महिन्यात जेवणाच्या टेबलावर भांडणं झाली. आमच्याही झाली. या कायद्यातलं एक कलम तर असं होतं, की आरोपीचा हेतू काहीही असो, द्वेषापोटीच आपल्याला लक्ष्य केलं असं बळीला रास्तपणे वाटलं तरी पुरे. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते एका वेगळ्याच खटल्यात रद्द केलं आणि पुढच्या वर्षी रवीचे दोषही उलटले. शेवटी त्यानं एका आरोपाची कबुली दिली.

मधे २००१ चा सप्टेंबर येऊन गेला होता. टॉवर पडताना आमच्या गच्चीवरून दिसले. दुसऱ्या दिवशी टेक्ससमध्ये रेल्वेच्या डब्यातून हैदराबादच्या दोन तरुणांना उतरवलं गेलं. ते जर्सी सिटीत राहायचे, न्यूअर्कच्या स्टेशनात वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर काम केलेले. जवळ खोकी कापायचे कटर होते. वर्षभराहून जास्त ते डांबलेले राहिले. दहशतवादाचा आरोप शेवटपर्यंत ठेवला गेला नाही, क्रेडिट कार्डाच्या लबाडीची कबुली घेऊन परत पाठवलं. पोलिसांनी आमच्या बाजूनं कडक व्हावं म्हणून मोर्चे काढलेलं हेच गाव. कडकपणा आला तो असा, आणि तेव्हा मोर्चा निघाला नाही. हिंदू नावांच्या पाट्या लावलेल्या दुकानांत अमेरिकेचे झेंडे मात्र एका रात्रीत लागले.

यादी हळूहळू बदलली. राज मुखर्जी २०१४ मध्ये जर्सी सिटीतून राज्याच्या विधानसभेत गेले. २०१७ मध्ये होबोकननं रवी भल्ला या पगडीधारी शिखाला महापौर केलं. निवडणुकीत त्यांना दहशतवादी ठरवणारी पत्रकं वाटली गेली होती, तरीही. दोनच महिन्यांनी गुरबीर ग्रेवाल न्यू जर्सीचे ॲटर्नी जनरल झाले.

मला ज्यूरीचं बोलावणं आलं तेव्हा मी चांगली साडी नेसून, टिकली लावून गेले. मुलगी म्हणाली, आई, ते लग्न नाही. प्रतीक्षेच्या खोलीत निम्मे चेहरे ओळखीचे वाटत होते. शेजारी बसलेले एक गुजराती दुकानदार फॉर्म उलटासुलटा करत होते. पहिले तीन दिवस रोजचे पाच डॉलर मिळायचे, चौथ्यापासून चाळीस, आणि त्यांचं म्हणणं, दुकान बंद राहिल्याचा तोटा कोण देणार? त्यांनी मला दबक्या आवाजात विचारलं, बेन, यातून सुटायला काय लिहितात? मी विचारलं, १९८७ ला तुम्ही इथे होतात का? ते म्हणाले, हो, होतो ना, आमच्या दुकानाची काच दोनदा फोडली. मग त्यांनी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, पण आज डिलिव्हरी आहे हो.